तीन डिसेंबरचा शिक्का

माळकोंड,
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय तेजूताई,
सप्रेम जय भीम.

काल तुम्ही जयगडच्या गाडीत बसलात आणि मी आमच्या गाडीची वाट बघत रत्नागिरीच्या स्टँडवर पाऊण तास उभी होते. तेव्हाच ठरवलं, फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. फोन तुझा असला तरी उचलतात तुझ्या सासूबाई, नाहीतर त्यावर सानवीचं कार्टून चालू असतं. शिवाय गावच्या पोस्टमास्तरणीनेच पत्र लिहायचं सोडलं तर बाकीच्यांनी का लिहावं? आपल्या दोन्ही घरांतली पहिली पदवी मी या पोस्टाच्या खुर्चीत आणून बसवली आहे. तिचा काहीतरी उपयोग व्हायला हवा.

डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा तू सगळा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतीस, म्हणून पुन्हा लिहिते. जुलैत तुझी छातीतली गाठ तीन सेंटिमीटर होती, आता साडेपाच आहे. चार महिन्यांत एवढी वाढली म्हणून ती काढायचीच आहे. सुईने घेतलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसलेला नाही. पण ती साधी फायब्रोअडेनोमा आहे की फायलोड्स नावाची, हे नीट कळत नाही. साधी असेल तर नुसती गाठ काढतात. फायलोड्स असेल तर तिच्या भोवतीचा थोडा चांगला भागही घ्यावा लागतो, नाहीतर ती पुन्हा उगवते. किती कापायचं ते आधी कळावं म्हणून त्या तुकड्याच्या तपासणीच्या काचा मुंबईला दाखवायच्या. कळलं?

माझी गाठ तशीच आहे. एक पूर्णांक आठ. दोन वर्षं झाली, ना वाढते ना विरते. पुढची तारीख १२ फेब्रुवारी. तू कपडे करायला पडद्याआड गेलीस तेव्हा मी त्यांना म्हटलं, “बाई, माझीही काढून टाका ना.” त्या म्हणाल्या, “मागितलीस तर काढीन. काळजीने झोप लागत नसेल तर तेही कारण असतं. पण तुला ती नकोशी झाली म्हणून काढायची, की हिची निघते म्हणून?” आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

भावोजी बाहेर तुझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. लाल, फुलाफुलांची. बायकांच्या ओपीडीच्या दारात, एवढ्या लोकांत. मी आतबाहेर करताना तीनदा बघितलं. किती जपतात तुला. मी दोन वर्षं तिथे जाते आहे, माझी पिशवी माझ्याच खांद्याला असते. असो. नशीब असतं एकेकाचं.

सानवीला पापा.

तुझी,
राही

*

जयगड,
२६ नोव्हेंबर २०२५

राहीबाय,
जय भीम.

तुझं पत्र आलं. पोस्टमन दारातनं ओरडला, “माहेरचं आलंय!” ह्यांच्या आई हातातलं सूप टाकून धावल्या. मी म्हटलं, राहीला नवीन शिक्का मिळालाय, तो दाखवायला पाठवलंय. पटलं त्यांना. तुझ्याबद्दल त्यांना काहीही पटतं.

गो, पर्सचं काय घेऊन बसलीस? आत सानवीची ओली चड्डी होती आणि दोन पिकलेली केळी. खाली ठेवली असती तर लोकांनी पाय दिला असता. ह्यांच्या मांडीवर डाग पडलाय तो अजून निघत नाही. तुला नवरा झाला की तुझ्या नवऱ्याच्या मांडीवर पण देऊ आपण एक डाग.

आता कामाचं. प्रमोददादा काचा घेऊन मुंबईला गेला. तो म्हणाला, रिपोर्ट मिळाला की फोनवर फोटो पाठवतो. मी नको म्हटलं. आमच्या आईंना तू ओळखतेस. त्यात ‘कॅन्सर नाही’ असं लिहिलेलं असलं तरी आळीत जाताना ‘नाही’ घरीच राहील. गाठ आहे एवढं कळलं तेव्हाच म्हणाल्या, “सानवीला अंगावर धड पाजलं असतंस तर असली थेरं झाली नसती.” दादालाही बहिणीचं असलं काही उघडून बघायला लाज वाटते. म्हणून तो बंद पाकीट स्पीड पोस्टाने टाकणार आहे. पत्ता मी माहेरचा दिलाय, माझ्याच नावाने. तिथे पोस्टात तूच, म्हणजे मला घोर नाही. तुझ्या हातात पडलं की लगेच इकडे पाठव.

ऑपरेशनची तारीख मिळाली. अकरा डिसेंबर, गुरुवार. पण सोमवारी आठ तारखेपर्यंत रिपोर्ट दाखवायचा, नाहीतर ती जागा दुसऱ्या बाईला देणार. ह्यांनी पोर्टातनं चार दिवसांची रजा घेतलीय. सुपरवायझर बायकोला काय झालंय म्हणाला, तर म्हणाले, “अपेंडिक्स.” आता सगळं पोर्ट माझ्या अपेंडिक्सची चौकशी करतंय. आईंनाही तेच सांगितलंय, गाठ औषधाने विरतेय म्हणून.

भीती वाटते गो. सांगते तुला म्हणून.

तेजल

*

माळकोंड,
५ डिसेंबर २०२५

प्रिय तेजूताई,
सप्रेम जय भीम.

रिपोर्टची वाट बघत असशील. अजून काही आलेलं नाही. मुंबईचं टपाल कधी दोन दिवसांत येतं, कधी आठवडा लागतो. काळजी करू नकोस. काळजी केल्याने टपाल लवकर येत नाही.

बुधवारी बचत गटाच्या बायकांशी या विषयावर बोलले. पंधरा जणी होत्या. मी सांगितलं की प्रत्येक गाठ कापायची नसते. तपासून साधी निघाली, वाढत नसेल, दुखत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवायचं. भराभर वाढली, मोठी झाली, त्रास द्यायला लागली किंवा सुईच्या तपासात नक्की कळलं नाही, तर काढायची. पण दाखवायची मात्र प्रत्येकीने. सगळ्या मान हलवत होत्या. मग तुझी आई, आमची काकू, मध्येच उठून म्हणाली, “आमच्या तेजूचं तर ऑपरेशनच आहे!” झालं. माझं बोलणं राहिलं बाजूला आणि सगळ्या काकूभोवती. कुणी नारळ देते म्हणाली, कुणी कुळथाचं पीठ. बाबांनीसुद्धा तुझ्यासाठी काकूकडे पाचशे रुपये दिले. माझे बाबा, राजाराम, जे मला ओपीडीला जाताना गाडीभाड्याचं विचारत नाहीत, कारण मी कमावती.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, मलाही गाठ आहे, आठवतं का तुला? ती भाजी निवडत होती. म्हणाली, “तुझं काय, तुझं तर काहीच नाही.”

काहीच नाही. ताई, तुला हे कळणार नाही. तुझी कापतील, बाटलीत घालतील, तपासतील आणि कागदावर लिहून देतील की संपलं. माझं ‘काहीच नाही’ रोज आंघोळीच्या वेळी हाताला लागतं. लहानपणी चिंचेच्या झाडावरून दोघी पडलो होतो. तुझा हात मोडला, मला फक्त मुका मार. तुला महिनाभर घरचं कोंबडं आणि मला शाळा. तसंच आहे हे.

रागावू नकोस. मनात आलं ते लिहिलं.

राही

*

जयगड,
८ डिसेंबर २०२५

राहीबाय,

आज सोमवार. रिपोर्ट नाही. हे फोन करून डॉक्टरबाईंशी बोलले, त्यांनी दुपारपर्यंत थांबवलं. मग अकरा तारखेची जागा नाटे गावच्या एका बाईला दिली. बरोबरच आहे, तिची पण वाट बघणारी माणसं असतील.

दादा शपथ घेऊन सांगतो, त्याने एक तारखेलाच पाकीट टाकलं. मी दोन दिवस विचार करते आहे. मला वाटतं पाकीट आलंय, राही. तू उघडलंस आणि आत वाईट लिहिलंय. आणि तुला ते मला सांगवत नाही. तू पहिल्यापासनं अशीच. मी दहावीला गणितात गेले तेव्हा निकाल तू बघून आलीस आणि संध्याकाळपर्यंत गोठ्यात लपून बसलीस, मला सांगायला नको म्हणून. मी तुझ्यावर अजिबात रागावलेली नाही. फक्त आता गोठ्यातनं बाहेर ये.

वाईट असेल तर एक मागायचंय. ह्यांना बोलून ठेवलंय, ते रडले पण हो म्हणाले. सानवीला तू ने. इथे नको. आई तिला जीव लावतात, पण सातवीनंतर तिला कोलंबी सोलायला बसवतील. तुझ्याकडे राहिली तर ती तुझ्यासारखी होईल. खुर्चीत बसेल, सही करेल, लोक तिला मॅडम म्हणतील. तुला सांगितलं नाही कधी, तुझ्या पदवीचा फोटो काकाने पाठवला त्या दिवशी मी जेवले नाही. ह्यांना म्हटलं पोट दुखतंय. मला इतका हेवा वाटला तुझा. बारावीनंतर मला कुणी विचारलं असतं तर मीही शिकले असते. पण विचारलं तुला.

गाठ आता ब्लाऊजमधनं दिसते. मी ओढणी घेऊन मासळी घ्यायला जाते.

खरं काय ते कळव. मी ऐकू शकते.

तेजल

*

माळकोंड,
१० डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र आत्ता मिळालं. पाकीटही आजच आलं, सोबत पाठवते आहे. मी उघडलेलं नाही, वरची चिकटपट्टी बघ. आत काय आहे मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. हातात पडल्याबरोबर भावोजींना डॉक्टरबाईंकडे पाठव.

आजच्याच टपालाच्या थैलीत टाकते आहे. एसटी गाठायची आहे.

राही

*

जयगड,
१६ डिसेंबर २०२५

राही,

पाकीट शनिवारी मिळालं. काल आम्ही दोघं रत्नागिरीला जाऊन आलो. फायलोड्सच आहे, पण सौम्य जातीची. कॅन्सर नाही. भोवतीचा सेंटिमीटरभर भाग घेऊन काढायची. अठराची यादी भरलेली, पंचवीसला सुट्टी. मला एक जानेवारी मिळाली. म्हणजे तीन आठवडे पुढे. तोवर वाढली तर आणखी मोठं कापावं लागेल असं बाई म्हणाल्या.

गाडीत परत येताना मी पाकीट उलटं करून बघत होते, नुसतं हाताला चाळा. मागच्या बाजूला तुमच्या पोस्टाचा शिक्का आहे. माळकोंड. ३ डिसेंबर २०२५. मला वाटलं तुझी तारीख बदलायची राहिली असेल. घरी येऊन तुझी पत्रं काढली. पाच तारखेच्या पत्रावर पाच, दहाच्या पत्रावर दहा. तुझी तारीख कधी चुकत नाही. शिक्का पण असा सरळ मारलेला, एक आकडा पुसट नाही.

पाच तारखेला तू मला लिहिलंस की काही आलेलं नाही. तेव्हा ते तुझ्यासमोर होतं.

मी माझी पोर तुझ्या पदरात टाकायला निघाले होते.

ह्यांना सांगितलेलं नाही. का नाही ते मला पण कळत नाही.

तेजल

*

माळकोंड,
२० डिसेंबर २०२५

ताई,

पहिल्या ओळीतच लिहिते. पाकीट तीन तारखेला आलं आणि मी ते सात दिवस खणात ठेवलं.

अकराच्या गाडीने थैली आली. मी नेहमी आधी सगळ्यावर शिक्के मारते आणि मग नावं वाचते, म्हणून शिक्का बसला. नंतर तुझं नाव दिसलं. हलवलं तर आत काचा वाजल्या. समोर बाबल्या मनीऑर्डरसाठी उभा होता, त्याला म्हटलं उद्या ये. पाठवायला दुसरं पाकीटसुद्धा काढलं होतं. मग नियम आठवला. पत्त्यावरचा माणूस गावात नसेल तर टपाल सात दिवस ठेवता येतं. तू गावात नव्हतीस. मी वर कातळाच्या सड्यावर गेले, जिथे रेंज मिळते, आणि सरकारी मोबाइलवर भरलं, ‘बाहेरगावी’. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी स्वतःला तेच सांगत होते, की मी नियमाने वागते आहे. त्याच दिवशी दुपारी बचत गटात जाऊन भाषण केलं. दाखवायला उशीर करू नका म्हणून सांगितलं. कुठल्या तोंडाने, ते आता कळत नाही.

उघडलं नाही हे खरं. पण चौथ्या दिवशी खिडकीत उजेडासमोर धरलं. काही दिसलं नाही.

तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, हे तू मानणार नाहीस आणि मानू नकोस. मला एवढंच हवं होतं की थोडे दिवस तूही माझ्यासारखी राहावीस. आहे की नाही, काय आहे, हे न कळता. मांडीवर पर्स धरणारा माणूस असून, सगळ्या वाडीचे नारळ असून, तरी न कळता. पाच तारखेचं पत्र मी त्या खणावर वही ठेवून लिहिलं. लिहिताना मला बरं वाटत होतं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून तेही सांगते.

आणि तुला वाटलं मी तुझ्या मायेने लपवते आहे. तू निकालाच्या दिवसाचं लिहिलंस. त्या दिवशी मी गोठ्यात का होते ते तुला माहीत नाही. मी रडत नव्हते. मला आनंद झाला होता, आणि तो तोंडावर दिसेल म्हणून लपले होते. मी बारा वर्षांची होते. तेव्हापासून तू त्याला माया म्हणत आलीस.

ओपीडीत मला हसू आलं नाही असं लिहिलं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलेलं बरोबर होतं. मला माझी गाठ नकोशी झालेली नव्हती. मला तुझं ऑपरेशन हवं होतं.

सोबत एक अर्ज आहे. आमच्या वरच्या साहेबांच्या नावाने. काय केलं ते तारखांसकट लिहिलंय, खाली माझी सही आहे. मी स्वतः टाकणार होते, पण तसं केलं असतं तर मलाच मोठं वाटलं असतं. म्हणून तुझ्याकडे देते. तिकीट लावलेलं आहे. तुला वाटलं तर पेटीत टाक. माझी नोकरी जाईल, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणणार नाही.

एक तारखेला मी येऊ का, हे विचारायचा मला हक्क नाही. विचारत नाही.

राही

*

माळकोंड,
३ जानेवारी २०२६

ताई,

काकू म्हणाली ऑपरेशन झालं आणि तू बोलतेस. एवढं कळलं. बाकी कुणाला विचारायचं धाडस नाही. काकूने मला तुझ्यासाठी केलेल्या आंबोळ्यांतली एक दिली. खाल्ली नाही.

उत्तर देऊ नकोस, दिलंच पाहिजे असं नाही. रोज थैली उघडते तेव्हा बघते, एवढंच.

राही

*

जयगड,
१८ जानेवारी २०२६

राही,

तुझं वीस तारखेचं पत्र मी न्हाणीघरात वाचलं. दोनदा. मग चुलीत घालायला गेले तर चुलीपाशी आई. म्हणाल्या, “काय म्हणते पोस्टमास्तरीण?” मी म्हटलं, बरी आहे. म्हणून ते जळलं नाही.

ऑपरेशन झालं. टाके काढले. सहा सेंटिमीटरची निघाली, लिंबाएवढी म्हणायची की चिकूएवढी यावर हे आणि दादा भांडत होते, दोघांनीही बघितलेली नव्हती. काढलेली गाठ तपासून आली, कडेला काही उरलेलं नाही. उजवीकडे थोडा खळगा पडलाय. सानवी त्यात बोट घालते आणि “टोचलं?” विचारते. आईंनी पहिले आठ दिवस पाणी तापवून दिलं, नवव्या दिवशी म्हणाल्या, “आता पुरे झालं अपेंडिक्स.” म्हणजे त्यांना पहिल्यापासनं सगळं माहीत होतं. आळीत एक शब्द गेलेला नाही. मी त्यांना ओळखते असं मला वाटायचं.

मी तुलाही ओळखते असं मला वाटायचं.

गोठ्याचं तू सांगायला नको होतंस. बाकी सगळं मी गिळलं असतं. ते आठवून मी आयुष्यात कितीदा मऊ झाले होते, तुला ठाऊक नाही. पण मी पण तुझ्या फोटोच्या दिवशी पोट धरून झोपले होतेच. फरक इतकाच की माझ्या हातात तेव्हा तुझं काही पाकीट नव्हतं. असतं तर काय केलं असतं, याचा विचार मी एक दिवस केला. मग सोडून दिला.

तुला वाटत होतं कापली म्हणजे सुटले. मला पण दर सहा महिन्यांनी बोलावलंय, परत येऊ शकते म्हणून. कागदावर ‘संपलं’ असं कुठे लिहिलेलं नाही, मी शोधलं. रोज हात लावून बघायचं मला पण सांगितलंय. पहिल्या दिवशी हात लावताना तुझी आठवण आली. दोन वर्षं हे तू एकटी करत होतीस, आणि मी एकदा पण विचारलं नाही. ते माझ्याकडनं झालंय.

माफ केलं असं समजू नकोस. सानवी तुझ्याकडे द्यायचं आता राहिलं, तिला मीच शिकवीन. यंदा पदवीचा फॉर्म पण भरतेय मी, घरी बसून करता येते ती. हे म्हणाले भर. तुला फॉर्ममधलं कळतं, तर तेवढी मदत कर.

बारा फेब्रुवारीला तुझी तारीख आहे ना? मी सकाळच्या गाडीने येते. तू आत जा, मी बाहेर बसते. तुझी पिशवी माझ्या मांडीवर. आत केळी ठेवू नकोस.

आणि तुझा अर्ज मिळाला. पेटीत टाकलेला नाही, फाडलेला पण नाही. कपाटात माझ्या रिपोर्टाच्या खाली आहे. तुमच्यात सात दिवस ठेवता येतं म्हणालीस. मी जरा जास्त ठेवते.

तेजल